चांगली बेस गिटार पारखायची तर आधी नेक पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं साधी चार तारांची बेस वाजवल्यावर आता पाच तारांची, पुढे बदलावी लागणार नाही अशी बेस घ्यायची आहे. समोर दोन आहेत. दिसायला सारख्या, पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) एकाच धाटणीचे, पण एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट. मग फरक कशात आहे? लाकडात, नेक-थ्रू बांधणीत (तारांखालची लांब पट्टी, म्हणजे नेक, बॉडीतून आरपार गेलेली) की अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, सर्किटमध्ये? शिवाय सध्याच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या-सहाव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) स्वर लगेच विझतो, तसं महागड्या बेसवर होणार नाही ना?

मी बेस बनवतो आणि दुरुस्तही करतो. दुरुस्तीच्या कामाने मला जास्त शिकवलं, कारण नवीन असताना झकास वाटणारं वाद्य काही वर्षांनी कसं होतं ते तिथे दिसतं. त्या अनुभवावरून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. पैसे कशात गेले हे विचारण्याआधी, वाद्यातलं काय नंतर बदलता येतं आणि काय कधीच बदलता येत नाही हे विचारा. पिकअप, प्रीअ‍ॅम्प (ते अ‍ॅक्टिव्ह सर्किट), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू), ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), नट (नेकच्या टोकाकडचा तारांचा टेकू), तारा हे सगळं पुढे कधीही बदलून घेता येतं. नेकचं लाकूड, नेक आणि बॉडीचा सांधा, स्केलची लांबी (नटपासून ब्रिजपर्यंतची तार), पिकअपच्या जागा आणि गळ्यात अडकवल्यावरचा तोल या गोष्टी जशा मिळतात तशाच राहतात. जास्तीचे पैसे या दुसऱ्या गटात गेले असतील तर ते सार्थकी लागले. पहिल्या गटात गेले असतील तर तेवढंच काम स्वस्त बेस घेऊनही हळूहळू करता येतं.

आता नेक. चार तारांचा मिळून ताण साधारण ७५ किलो असतो. पाचवी तार आली की त्यात आणखी १५ किलोंच्या आसपास भर पडते. हा ताण जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीच्या लांब लाकडी पट्टीने रात्रंदिवस, वर्षानुवर्षं सोसायचा असतो, आणि तोही मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे न हलता. त्यामुळे नेकसाठीचं लाकूड निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: रेषे सरळ आहेत का, ते फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात का, आणि लाकूड पुरतं वाळलंय का. आर्द्रता ६ ते ८ टक्क्यांवर आलेली असावी लागते, पण नुसतं वाळून भागत नाही. फळी चिरली की तिच्या पोटातला ताण मोकळा होतो आणि ती थोडी वाकते किंवा पिळवटते. म्हणून नेक आधी जाडसर कापायचा, काही आठवडे पडू द्यायचा, मग पुन्हा सरळ रंधायचा, पुन्हा पडू द्यायचा. प्रत्येक वेळी लाकूड थोडं कमी हलतं. ते हलायचं थांबलं की मगच अंतिम माप. हा थांबण्याचा काळ कुठल्याच छायाचित्रात दिसत नाही आणि जाहिरातीतही कुणी लिहीत नाही, पण चांगल्या कारागिराच्या किमतीत तो धरलेला असतो. घाईघाईत बनलेला नेक दुकानात सरळ असतो. पिळवटतो तो नंतर, तुमच्या घरी.

पिळाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. नेक तारांच्या ताणाने पुढे वाकला तर आतली ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या पोटातली धातूची कांडी, घट्ट करून सरळ करता येतो. दुहेरी काम करणारी रॉड असेल तर उलटा, मागे गेलेला वाकही काढता येतो. पण नेकला पीळ पडला, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली गेली, तर ट्रस रॉडला त्यावर काही करता येत नाही. पाच तारांच्या बेसवर ही भीती अधिक, कारण नेक रुंद असतो आणि दोन कडांवरच्या तारांचे ताण सारखे नसतात. म्हणून चांगल्या पाच तारांच्या बेसमध्ये तीन किंवा पाच पट्ट्या एकमेकींना चिकटवून नेक बनवलेला दिसतो. शेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट ठेवले की एकीचा कल दुसरी अडवते. मेपलच्या मध्ये वेंगे या कडक लाकडाच्या पातळ पट्ट्या किंवा रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या कांड्या घातल्या की नेक आणखी ताठ होतो. एकसंध मेपल घ्यायचा असेल तर वार्षिक वलयांच्या रेषा फ्रेटबोर्डला (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीला) काटकोनात उभ्या असलेला, म्हणजे क्वार्टर-सॉन तुकडा मला आवडतो. आडव्या रेषांच्या तुकड्यातूनही उत्तम नेक बनतात, १९५० च्या दशकापासून हजारो बनले आहेत. फक्त तिथे तुकड्याची निवड जास्त डोळस असावी लागते. आणि लाटांसारखी झळाळी असलेला नक्षीदार मेपल? बॉडीवर अवश्य असू दे. नेकमध्ये मला साधा, सरळ रेषांचा तुकडा हवा, कारण झळाळी म्हणजेच रेषे वळणं घेत गेलेले असतात.

आता तुमच्या विझणाऱ्या स्वराकडे येतो. याला डेड स्पॉट म्हणतात. तो तुमच्या बोटांचा दोष नाही, तारेचाही सहसा नाही. कुठल्याही पट्टीसारखी नेकचीही स्वतःची कंपनसंख्या असते. एखाद्या स्वराची कंपनसंख्या तिच्या जवळ आली की तारेची ऊर्जा आवाजात राहण्याऐवजी नेक हलवण्यात खर्च होते. पाचव्या फ्रेटवर जी तारेचा स्वर सुमारे १३१ हर्ट्झचा असतो, सातव्यावर १४७ हर्ट्झचा. ३४ इंची स्केलच्या, बोल्ट-ऑन (बॉडीला स्क्रूने जोडलेल्या), एका बाजूला चार ट्यूनर असलेल्या नेकचं कंपन बऱ्याचदा याच पट्ट्यात पडतं, म्हणून ही तक्रार जगभर याच फ्रेटांबद्दल ऐकू येते. घरी करून पाहा: तोच स्वर डी तारेवर दहाव्या फ्रेटवर वाजवा. बहुतेक वेळा तिथे तो छान टिकतो, कारण तारेचा टेकू नेकवरच्या वेगळ्या ठिकाणी गेलेला असतो आणि तिथे नेक तितका हलत नाही. मग हेडस्टॉकला (नेकच्या ट्यूनर असलेल्या टोकाला) एखादा छोटा जड क्लॅम्प लावा. वस्तुमान वाढलं की नेकची कंपनसंख्या खाली सरकते आणि मेलेली जागाही सरकते. कधी ती दोन स्वरांच्या मध्ये जाऊन जवळजवळ नाहीशी होते, कधी दुसऱ्याच, जास्त अडचणीच्या स्वरावर जाऊन बसते.

महागड्या बेसवर ती नसेल का? खात्री देता येणार नाही, आणि कुणी दिली तर सावध राहा. नेक ताठ असेल तर त्याची कंपनसंख्या वर जाते आणि तो तारेची ऊर्जा कमी शोषतो, त्यामुळे डेड स्पॉट सौम्य होतो. हलके ट्यूनर, लहान हेडस्टॉक किंवा हेडस्टॉकच नसणं यानेही तो जागा बदलतो. १९८० च्या सुमारास स्टाइनबर्गर या बेसनिर्मात्याने हेडस्टॉक काढून टाकलेली, कार्बन ग्रॅफाइटची बेस आणली. तिच्या एकसारख्या, सपाट टिकणाऱ्या स्वरांचं रहस्य बरंचसं याच ताठपणात आहे. पण लाकडाच्या नेकमध्ये एकाच कारागिराच्या, एकाच मापाच्या दोन वाद्यांतही फरक पडतो. म्हणून मॉडेल वाचून ठरवू नका, तेच वाद्य हातात घेऊन प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट सारख्या जोराने छेडा आणि स्वर विझेपर्यंत ऐका. अ‍ॅम्प न लावता ऐकलंत तर अधिक स्पष्ट कळेल.

बी तारेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पाच तारांची घेताय तर ते विचारायलाच हवं. बीचा मूळ स्वर ३०.९ हर्ट्झचा, ईचा ४१.२. इतक्या खाली उतरण्यासाठी तार जाड करावी लागते, साधारण ३.३ मिलिमीटर. जाड तार स्वतःच कडक असते, त्यामुळे तिचे वरचे उपस्वर गणितात असायला हवेत त्यापेक्षा थोडे चढे निघतात आणि स्वर धूसर ऐकू येतो. तार लांब केली की हा दोष कमी होतो. ३४ ऐवजी ३५ इंची स्केलवर तीच तार त्याच स्वरात लावली तर ताण सुमारे ६ टक्के वाढतो. डिंगवॉलसारखे बेस बनवणारे लोक तिरके फ्रेट टाकून बीला ३७ आणि जीला ३४ इंच लांबी देतात, आणि तिथली बी खरोखर पियानोसारखी नेमकी बोलते. त्याची किंमत हातांनी मोजावी लागते: पहिल्या चार फ्रेटांत बोटं जास्त फाकतात. मी ३४ इंची बेसवर अत्यंत स्वच्छ बी ऐकली आहे आणि ३५ इंची बेसवर लिबलिबीतही ऐकली आहे. फरक नेकच्या ताठपणाचा आणि सांध्याचा होता. इंच महत्त्वाचा आहे, पण तो नेकनंतर येतो.

सांध्याकडे वळू. नेक-थ्रू म्हणजे नेकचीच पट्टी बॉडीतून आरपार शेवटपर्यंत गेलेली आणि दोन्ही बाजूंना पंख चिकटवलेले. रिकनबॅकर कंपनीने १९५७ मध्ये हे बेसवर आणलं, १९७० च्या दशकात अलेम्बिकने अनेक लाकडांच्या थरांसह ते फार उंचीवर नेलं. खरा फायदा असा की सांध्याचा जाड ठोकळा नसल्याने वरच्या फ्रेटांपर्यंत हात सहज जातो. टिकाव वाढतो असं म्हणतात. तो वाढतो की नाही हे सांध्यापेक्षा त्या पट्टीच्या ताठपणावर अवलंबून असतं, असं माझं मत आहे. तोटा मात्र ठाम आहे: नेक बिघडला तर वाद्यच बिघडलं. बोल्ट-ऑनमध्ये नेक काढता येतो, त्याचा कोन सुधारता येतो, गरज पडली तर बदलता येतो. काटेकोर बसवलेल्या बोल्ट-ऑनला मी ढिसाळ नेक-थ्रूपेक्षा कधीही वर ठेवीन. काटेकोर म्हणजे काय? खाचेचा तळ आणि नेकची टाच पूर्ण सपाट, मध्ये रंगाचा जाड थर किंवा कागदाचे तुकडे नाहीत, आणि स्क्रू सैल करून तारांच्या ताणाने नेक बसू दिला तरी तो बाजूला सरकत नाही. तळ नीट नसला की काही वर्षांत फ्रेटबोर्डचं बॉडीवरचं टोक किंचित वर उचलतं. मग वरच्या फ्रेटांवर तार खडखडते आणि सगळ्या तारा उंच ठेवाव्या लागतात. हा दोष दुरुस्तीला फार येतो, आणि तो सुधारायचा तर फ्रेट काढून फ्रेटबोर्ड घासावा लागतो.

फ्रेटांच्या जागांबद्दल हल्ली काळजी करू नका. प्रत्येक फ्रेटचं अंतर उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून येतं. ३४ इंची, म्हणजे ८६४ मिलिमीटरच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिलिमीटरवर. यंत्राने पाडलेल्या खाचा स्वस्त बेसवरही बरोबर असतात. किंमत दिसते ती त्यानंतरच्या हातकामात. सगळ्या फ्रेटांचे माथे एका पातळीत आणायचे, मग कानशीने प्रत्येकाला पुन्हा गोल माथा द्यायचा, टोकं गुळगुळीत करायची, शेवटी चकाकी. एखादा फ्रेट शेजाऱ्यापेक्षा मिलिमीटरचा विसावा भाग जरी उंच राहिला तरी तारा फ्रेटांच्या जवळ ठेवल्यावर तो जाणवतो. हे काम नीट झालेलं असेल तर सातव्या फ्रेटपाशी नेकला ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा हलका वाक ठेवून बाराव्या फ्रेटवर जी तार २ मिलिमीटरच्या आसपास आणि बी अडीचच्या आसपास आणता येते, खडखड न होता. ते होत नसेल तर काहीतरी चुकतंय. तरीही लक्षात घ्या, फ्रेटकाम हे चांगल्या कारागिराकडून नंतर करून घेता येतं. नेक सरळ आणि स्थिर असेल तरच ते टिकतं.

तोलाकडे खरेदीच्या उत्साहात कुणी पाहत नाही. बेस गळ्यात अडकवा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक खाली जाऊ लागला तर पुढे प्रत्येक कार्यक्रमात तुमचा डावा हात ते ओझं पेलणार, आणि स्वर दाबण्याचं काम उरलेल्या बळावर करणार. बॉडीच्या वरच्या शिंगावरचं पट्ट्याचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेत आलं तर तोल बहुधा जमतो. पाचव्या ट्यूनरने हेडस्टॉक आधीच जड झालेला असतो. हलके ट्यूनर लावून थोडं सावरता येतं, पण शिंगच आखूड असेल तर इलाज नाही. एकूण वजन ४ किलोच्या आसपास असेल तर दोन-तीन तास उभं राहून वाजवणं सुसह्य जातं. यात तुमची पाठ आणि खांदे हेच खरे परीक्षक.

पिकअपची जागा ही न बदलता येणाऱ्या गोष्टींतली, तरी लोक फक्त पिकअपचं नाव विचारतात. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि तिथे उपस्वरांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून आवाज कोरडा, धारदार. नेककडे सरकलं की मूळ स्वराचं वजन वाढतं. फेंडर कंपनीच्या जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १० मिलिमीटर ब्रिजकडे सरकला आणि तेवढ्याने त्या काळच्या वाद्यांचा स्वभाव बदलला. फेंडरच्याच १९५१ च्या प्रिसिजन बेसला १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. ते दोन तुकडे उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असल्याने विजेची गुणगुण एकमेकांत विरून जाते, आणि त्याची जागा इतकी बरोबर साधली की आजही रेकॉर्डिंगमध्ये बेस म्हटलं की अनेकांच्या कानात तोच आवाज असतो. तुमच्या दोन्ही पर्यायांत पिकअप एकाच धाटणीचे असले तरी ब्रिजपासूनचं अंतर पट्टीने मोजा. ते वेगळं असेल तर आवाजातला बराच फरक तिथेच सापडेल.

अ‍ॅक्टिव्ह सर्किटसाठी मी जास्तीचे पैसे देणार नाही. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने प्रीअ‍ॅम्प कारखान्यात बनणाऱ्या बेसमध्ये रुजवला आणि त्याचा उपयोग खरा आहे: लांब केबलने वरचा आवाज मंदावत नाही, आणि बेस-ट्रेबल वाढवताही येतात. पण प्रीअ‍ॅम्प हा नंतर सहज बसवता येणारा भाग आहे. असलाच तर बॅटरी संपल्यावर पॅसिव्ह चालवायची सोय आहे का, आणि मागची झाकणी उघडल्यावर पोकळीला तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग लावून ती जमिनीला जोडली आहे का, एवढं पाहा. ती झाकणी उघडली की बनवणाऱ्याची वृत्ती कळते. जिथे कुणी पाहणार नाही तिथे तारा नीट बांधलेल्या असतील, झाळ स्वच्छ असेल, तर नेकच्या पोटातही त्याने तशीच काळजी घेतली असण्याची शक्यता मोठी.

बॉडीच्या लाकडावर लोक फार वाद घालतात. अ‍ॅश, अल्डर, महोगनी यांनी वजन आणि हातातली जाणीव नक्कीच बदलते, आवाजही थोडा बदलतो, पण नेक आणि पिकअपच्या जागेपुढे तो फरक लहान आहे. वरची सुंदर, पाच-सहा मिलिमीटरची नक्षीदार फळी डोळ्यांसाठी असते. वाद्य पाहून वाजवावंसं वाटणं ही मोलाची गोष्ट आहे, तेव्हा तिच्यासाठी पैसे दिलेत तर काही गैर नाही, फक्त ते कशासाठी दिले हे माहीत असावं. फ्रेटबोर्डवर रोझवूड नाही म्हणून नाक मुरडू नका. जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातल्या (रोझवूड त्यातलंच) लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचे, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, निर्बंध आले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर अनेक कारखाने इतर लाकडांकडे वळले होते आणि त्यातली बरीच लाकडं उत्तम निघाली.

मी तुमच्या दोन बेस हातात घेतलेल्या नाहीत, त्यामुळे कुठली घ्या हे इथून सांगणं बरोबर नाही. तुम्ही स्लॅप करत असाल, म्हणजे अंगठ्याने तारा आपटून वाजवत असाल, तर तारांमधलं अंतर १९ मिलिमीटर असलेलं बरं. बोटांनीच वाजवत असाल आणि हात लहान असेल तर १७ च्या आसपासही चालेल, नेकही अरुंद मिळेल. तुमच्याकडे हवेतली आर्द्रता ऋतूनुसार फार बदलत असेल तर अनेक पट्ट्यांचा, कार्बनच्या कांड्या घातलेला नेक हा तुमच्यासाठी चैनीचा विषय नाही.

बघायला जाल तेव्हा या क्रमाने जा. आधी हेडस्टॉककडून नेकच्या दोन्ही कडांवरून डोळा लावून पाहा. दोन्ही कडा समांतर नसतील, म्हणजे पीळ असेल, तर पुढचं काही न पाहता ठेवून द्या, किंमत काहीही असो. मग बी आणि जी या कडेच्या तारा पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मधली फट पाहा. ट्रस रॉडचा नट फिरतो का, आणि फिरवायला अजून वाव उरलाय का, हे विक्रेत्याला समोर करून दाखवायला सांगा. मग पट्टा लावून उभे राहा. मग अ‍ॅम्पशिवाय प्रत्येक स्वर ऐका. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, आणि तोही इक्वलायझर सपाट ठेवून.

आणि त्याआधी एक काम करा: तुमच्या सध्याच्या बेसचे फ्रेट समपातळीत आणून घ्या, नट तपासून घ्या, नव्या तारा चढवा आणि तशी ती महिनाभर वाजवा. नव्या बेसशी तुलना तिच्याशी करा. जुन्या तारा आणि उंच अ‍ॅक्शन (फ्रेटांपासून तारांची उंची) असलेल्या बेसच्या शेजारी कुठलीही नवी बेस तिप्पट चांगली वाटते, आणि त्यातला बराचसा फरक तारांचा आणि सेटअपचा असतो. तुलना करताना दोन्हींवर तारा शक्यतो एकाच जातीच्या आणि जाडीच्या असू द्या.